बोटभर जागा

चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये व्हर्लिन स्टॉकडेलचं बोट व्यवस्थित जात होतं. सकाळपासून त्याने ते सतरा वेळा घालून पाहिलं होतं: स्टिअरिंग सरळ ठेवून, पूर्ण डावीकडे वळवून, गुडघ्यावर बसून, आडवं पडून, टॉर्च दातांत धरून. दरवेळी बोट जात होतं. आणि दरवेळी तो गाडीत बसून डावीकडे वळला, की पुढच्या डाव्या चाकातून आवाज येत होता. कर्रर्र. कुणीतरी पत्र्याची दाढी करावी तसा.

गाडी एकोणीसशे सत्तरची. गर्द हिरवी, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, आत आठ सिलिंडरचं इंजिन, आणि अमेरिकी पद्धतीप्रमाणे स्टिअरिंग डाव्या बाजूला. व्हर्लिनच्या सासऱ्याने, ऑर्विलने, ती कोरी घेतली होती आणि चोपन्न वर्षं अंड्यासारखी जपली होती. गेल्या वसंतात त्याने ती जावयाच्या हवाली केली, तीही किल्ली दोन बोटांत घट्ट धरून. "रंग मूळचा आहे. एक ओरखडा दिसला, की किल्ली परत." कागद अजून ऑर्विलच्याच नावावर होते. नव्वदीला टेकलेला माणूस असा घाईघाईने निर्णय घेत नाही.

आज चार जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन होता. अकरा वाजता गावाची मिरवणूक निघणार होती, मानकरी ऑर्विल होता, आणि तो याच गाडीत बसून कोर्टाच्या इमारतीला फेरी मारणार होता. आयोवातल्या बाकीच्या गावांसारखंच या गावाचं कोर्टही चौकाच्या मधोमध होतं. म्हणजे चार वळणं. चारही डावी.

"जुनी चाकं लाव ना," गाडीत बसलेली त्याची बायको मार्लिस म्हणाली.

"विकली."

"कुणाला?"

"नेब्रास्कात."

मार्लिसने डोळे मिटून घेतले. जुनी चाकं अरुंद होती, गाडीपेक्षा शिलाई मशीनला जास्त शोभली असती, असं व्हर्लिनचं मत होतं. शेजारच्या गॉर्डीने रुंद टायर सुचवले. "माझ्या गाडीला हेच आहेत. सहा वर्षांत एकदासुद्धा घासले नाहीत, देवाशपथ!" व्हर्लिनने तरीही महिनाभर मापं घेतली, वहीत लिहिली, आणि मगच टायर घेतले. मापांत चूक नव्हती. मग आवाज कसला?

"मार्लिस, तू जरा उतरतेस का?"

"का?"

"वजन."

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात काही शब्द एकटे सोडायचे नसतात, हे व्हर्लिनच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"गाडीचं म्हणतोय मी. एकूण."

"एकूण," मार्लिस म्हणाली आणि उतरली. दार तिने जपून लावलं. ते आपटण्यापेक्षा वाईट होतं.

व्हर्लिन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन डावीकडे वळून आला. कर्रर्र. मग त्याने बायकोची पर्स काढली. मग बर्फाचा डबा, त्यातल्या बटाट्याच्या सॅलडसकट. मग घडीच्या खुर्च्या, हत्यारांची पेटी, जॅक, डिकीतलं जादा चाक. सगळं हिरवळीवर मांडून ठेवलं. दर फेरीला हिरवळ भरत गेली आणि गाडी घासत राहिली.

एक पांढरी व्हॅन थांबली. आतल्या बाईंनी काच खाली केली.

"खुर्च्या केवढ्याला?"

"विकायला नाहीत हो!"

"मग बाहेर कशाला मांडल्यात?" बाई रागावल्या. "डब्यात काय आहे?"

"सॅलड!"

"घरी केलेलं?"

त्यांना मार्लिसने वाटेला लावलं. साडेदहा वाजत आले होते. व्हर्लिनने कुंपणावरून गॉर्डीला हाक मारली.

"गॉर्डी, तुझे टायर खरंच घासत नाहीत?"

"अरे, एकदासुद्धा नाही!"

"वळतानाही नाही?"

"वळताना?" गॉर्डी विचारात पडला. "तो प्रश्न कधी आला नाही रे. इंजिन बसायचंय ना अजून."

व्हर्लिन कुंपणापासून मागे फिरला. पुन्हा चाकाशी गेला, पुन्हा बोट घातलं. गेलं. पुन्हा गाडीत बसला. मार्लिस आता घडीच्या खुर्चीत बसून डाव्या चाकाकडे एकटक बघत होती.

"उतर बरं," ती म्हणाली.

"आता काय?"

"उतर तर."

तो उतरला.

"आता बस."

"मार्लिस, ही काय वेळ आहे का उठाबशा काढायची?"

"बस."

तो बसला. मार्लिस उठली, चाकाजवळ वाकली आणि आपलं बोट मडगार्डखाली सरकवायला लागली. तिचं बोट त्याच्या बोटाच्या निम्मं होतं. ते गेलं नाही.

"तू उतरलास की गाडी श्वास घेते, व्हर्लिन."

व्हर्लिनने स्टिअरिंग घट्ट धरलं. त्याच्या डोळ्यांसमोरून महिनाभराची मापं सरकत गेली. प्रत्येक माप अचूक होतं. प्रत्येक माप घेताना तो जमिनीवर होता आणि त्याची जागा रिकामी होती.

"हिवाळ्यात मी जरा सुटलो..." तो म्हणाला.

"कुठल्या हिवाळ्यात?"

मार्लिसने हात पुढे केला. त्या हाताचा अर्थ त्याला कळला आणि तो घाबरला. एक्याऐंशी साली मार्लिसने याच गाडीने स्वतःच्याच घरापुढची, रस्त्याकडेच्या खांबावरची टपालपेटी आडवी केली होती. बंपर वाकला होता. त्या दिवसापासून ऑर्विलने मुलीला सगळं दिलं, या गाडीची किल्ली सोडून.

"बाबा काय म्हणतील?"

"बाबांचं मी बघते. दे."

"मग मी मागे बसतो."

मार्लिसने आधी मागच्या सीटकडे पाहिलं, मग डाव्या चाकाकडे, मग त्याच्याकडे. व्हर्लिनने खुर्च्या आवरायला घेतल्या. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि डावीकडे वळली. त्याने कान टवकारले. इंजिनाची घरघर तेवढी ऐकू आली.

अकरा वाजता मिरवणूक निघाली. शाळेच्या बँडमागे हिरवी गाडी, तिच्यात मानकऱ्याचा पट्टा घातलेला ऑर्विल, आणि स्टिअरिंगवर त्याची मुलगी. ऑर्विलने तिच्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, मग बराच वेळ लोकांना हात करण्यात घालवला.

"व्हर्लिन कुठंय?" शेवटी त्याने विचारलं.

"येतोय चालत."

"का?"

"हवं तसं बसत नव्हतं काहीतरी. टपालपेट्या बघताय का तुम्ही?"

"मोजतोय," ऑर्विल म्हणाला.

व्हर्लिन डाव्या मागच्या दिव्याजवळून चालत होता, मान वाकडी करून, कान पुढच्या चाकाकडे लावून. पहिलं वळण. काही नाही. दुसरं. काही नाही. तिसऱ्या वळणाला त्याला स्वतःचाच राग यायला लागला, कारण आवाज यावा अशी त्याची इच्छा होत होती. चौथ्या वळणाला तो आणखी जवळ सरकला, जवळजवळ गाडीला चिकटलाच, आणि त्याच्या पट्ट्याचं बक्कल उन्हात चमकलं.

ऑर्विलने आरशात पाहिलं.

"मार्लिस, त्याला सांग, जरा अंतर ठेवून चाल म्हणावं," तो म्हणाला. "रंग घासेल."