जोंधळेकाका आणि चार फूट

जोंधळेकाकांनी मला पहिल्यांदा गाडी केलं तेव्हा नोकरीला लागून मला तीनच दिवस झाले होते.

नामपल्लीच्या एका बागेच्या पार्किंगमध्ये, भर अकरा वाजता, त्यांनी मला आखलेल्या चौकोनात उभं केलं. "हात पसर. तू आता गाडी." मग पिशवीतून कपडे वाळत घालायची दोरी काढली. एक टोक वॉचमनला भिंतीवरच्या खुणेशी धरायला दिलं आणि दुसरं घेऊन ते माझ्याभोवती फिरू लागले. कधी माझ्या नाकासमोर, कधी कोपराशी, कधी पाठीमागे. फिरायला आलेली माणसं थांबून बघत होती. मी संकोचून जरा सरकले.

"हलायलीस कामून?" काका ओरडले. "चार्जिंगला लावलेली गाडी हलत असती का?"

"हौ मॅडम," वॉचमन म्हणाला, "हँडब्रेक मारके रखो."

आमची कंपनी शहरातल्या बागा, दवाखाने, वाचनालयं अशा ठिकाणी विजेच्या गाड्यांचे चार्जर बसवते. मी ऑफिसात नकाशे काढते, काका जागेवर काम करून घेतात. ते मूळचे नांदेडचे, पण उमर हैदराबादेत गेलेली. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक गाडीचं चार्जिंगचं तोंड वेगळ्या जागी असतं, आणि केबल तिथवर पोचली नाही तर माणूस शिव्या देत निघून जातो. म्हणून दोरी केबलएवढी आणि गाडी म्हणून मी. कुठल्या गाडीचं तोंड कुठे, हे त्यांनी एका शाळेच्या वहीत लिहून ठेवलं होतं. 'ही नाकानं खाती.' 'ही डाव्या कुशीतून.' 'हिचं तोंड मागच्या मांडीवर.' शाळा इंग्रजी असल्यानं माझं मराठी घरापुरतंच होतं. ते या वहीनं वाढवलं.

काका बसत नसत. चहा उभ्यानं, दोन घोटांत. डबासुद्धा हातात धरून पार्किंगला फेऱ्या मारत खायचे. सकाळी सातला फोन: "उठलीस का? सुलतान बाजारच्या दवाखान्याची भिंत ओली हाय. अर्थिंगचं काय करायचं?" मी अंथरुणातच उठून बसायची. हळूहळू ती अस्वस्थता मलाही लागली. कुठेही गेले की नजर लोकांच्या गाड्यांवर. एकदा हॉटेलबाहेर आई दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, लोकांच्या गाड्यांना असं वाकून काय बघतेस?"

मग काचीगुड्याजवळचं वाचनालय आलं.

नकाशा माझाच होता, आणि मंजूर झालेला. त्या दिवशी काकांनी मला उभं केलं नाही. आतून खुर्ची आणली. "बस. आज तू बारकी गाडी. स्कूटर, बाजूला दोन जादा चाकं. उतरायचं नाही. बसल्या बसल्या प्लग लाव."

माझा हात पोचेना. मधे दाराकडे जाणाऱ्या रॅम्पचा कठडा येत होता.

"चार फूट अलीकडं घ्यावं लागंल," काका म्हणाले.

मी घाबरत ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, उद्या पाया भरायचा आहे. नकाशा बदलला तर मंजुरी पुन्हा घ्यायची, आणि तेवढ्यात ही जागा यादीतूनच जाईल. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि फेऱ्या मारत दहा मिनिटं भांडले. शेवटी साहेबांनी सांगितलं, "पालिकेचे इंजिनिअर सकाळी येतायत. त्यांना पटवा. नाही पटलं तर गुपचूप पाया भरा."

इंजिनिअर भले गृहस्थ होते, पण घाईत. त्यांनी खुर्ची पाहिली, कठडा पाहिला. "जोंधळेगारू, तुमचं बरोबर असेल. पण तसली स्कूटर घेऊन इथे येणार कोण? एक तरी दाखवा."

काका माझ्याकडे वळले. "यांना अर्धा तास थांबव," म्हणाले आणि चक्क पळत सुटले.

मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की पाणी प्यायला जाणारी मी. इंजिनिअरांनी घड्याळ पाहिलं. मी चहा मागवला. तो संपला तेव्हा दुसरं काही न सुचून काकांची वही उघडली आणि त्यांना हिंदी करून वाचून दाखवू लागले. 'मागच्या मांडीवर'ला ते हसले आणि खुर्चीत बसले.

पस्तिसाव्या मिनिटाला फाटकातून एक निळी स्कूटर आली. बाजूला दोन जादा चाकं. चालवणाऱ्या बाई साठीच्या, चष्मा, खांद्यावर पिन लावलेला पदर. स्कूटर चालीच्या वेगानं येत होती आणि बाजूनं काका धापा टाकत.

"ह्या इथल्या एक गिऱ्हाईक हायत," ते इंजिनिअरांना म्हणाले.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. "हे साहेब म्हणाले, माप द्यायचं आहे."

'हे साहेब' त्या इतक्या कोरड्या आवाजात म्हणाल्या की या आमच्या काकूच, हे मला कळलं. हसू लपवायला मी खाली बघितलं.

इंजिनिअरांनी दोरी स्वतः धरली. जुन्या खुणेवरून बाईंचा हात कठड्यावर आपटला. नव्या खुणेवरून दोरीचं टोक अलगद त्यांच्या मुठीत आलं. इंजिनिअरांनी नकाशावर चार फुटांची दुरुस्ती करून खाली सही केली. "ऑफिसशी मी बोलतो. मंजुरीचं माझ्याकडे लागलं." निघताना विचारलं, "अम्मा, सध्या चार्ज कुठे करता?"

"करतच नाही. खालचा प्लग इमारतीच्या कमिटीनं बंद केलाय. आग लागेल म्हणतात. आठ महिने झाले."

ते गेले आणि काकूंनी चावी फिरवली. स्कूटर गप्प. उरलंसुरलं चार्जिंग येतानाच संपलं होतं.

"मी टेम्पो आणतो," काका म्हणाले.

"नको. ढकला."

काकू मला म्हणाल्या, "पाय लहानपणापासून असा. पण टेलिफोन ऑफिसात सगळी नोकरी स्वतःच्या गाडीनं गेले, कुणाला हात लावू दिला नाही. आज लावू दे. पण एक अट. बोलत चला. आठ महिने घरात तोंडाला कुलूप आहे यांच्या."

"काका? गप्प?" मी म्हणाले.

काका दोरी गुंडाळत होते. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच राहिले. "तुला कुठं जाता येईना," ते काकूंना हळूच म्हणाले. "मंग म्या काय सांगत बसू, आज इथं फिरलो, उद्या तिथं फिरणार?"

काकूंनी चष्मा पुसला. "सांगा. सगळं सांगा."

काकांनी मागून जोर लावला. "तर ती दवाखान्याची भिंत..." म्हणत ते फाटकापर्यंत गेले. घराचा रस्ता उजवीकडे होता. काकूंनी हँडल डावीकडे वळवलं, बाजाराच्या दिशेनं.