शब्द फिरल्याची नोंद

कोलांटी मारली की माणसाचा शब्द उलटतो. एक मारली तर उलटतो, दोन मारल्या तर परत जागेवर येतो, तिसरीला पुन्हा उलटतो. कोलांटी हवेतली असो की जमिनीवरची, तिच्या आधी जे शेवटचं बोलणं झालं असेल तेच फिरतं. सगळ्या देशांत हे असंच आहे. म्हणून आपला महिला जिम्नॅस्टिक्स संघ परदेशी निघाला की सोबत एक वही जाते, आणि वही लिहायला एक माणूस.

तो माणूस म्हणजे वडूजच्या तालमीचा वस्ताद, भैरू शेडगे. वय एकाहत्तर, शिक्षण चौथी. त्याला नेमलं याचं कारण एकच. त्याने जन्मात कोलांटी मारली नव्हती. लहानपणी बाकीची पोरं तालमीच्या लाल मातीत कोलांट्या मारत आणि सकाळी दिलेला शब्द दुपारी मोडत. बाप म्हणाला, तू बैठका काढ. तो बैठका काढत राहिला. त्याचा एकही शब्द कधी फिरला नाही, आणि ही गोष्ट तो कुणी न विचारता सांगत असे.

वहीत तीन रकाने होते. उडीआधीचा शब्द, कोलांट्या किती, उडीनंतरचा शब्द. पंचांना शंका आली की ते वही मागवत. शेवटच्या कोलांटीने शब्द फिरला असेल तर ती पूर्ण. फिरला नसेल तर अर्धी, आणि अर्धी धरत नाहीत.

शब्द हलके सांगावेत, अशी मॅनेजर कर्णिक मॅडमची मुलींना ताकीद होती. मागच्या वर्षी पंजाबची हरसिमरन व्हॉल्टच्या उडीला धावत जाताना म्हणाली होती की मला इतक्यात लग्न करायचं नाही. व्हॉल्टवर एक कोलांटी. खाली आली ती चालून आलेल्या स्थळाला होकार देऊन मोकळी. पत्रिका छापायला गेल्या तेव्हा आईने अंगणात गादी टाकली आणि तिच्याकडून आणखी एक मारून घेतली. तेव्हापासून हरसिमरन फक्त भेंडीबद्दल बोलते.

संघात वडूजची एक मुलगी होती, केतकी बोराटे. तिला भैरूनेच शिकवलं. पण तालमीत नाही. तालमीबाहेर, अंगणात, उसाच्या पाचटाने भरलेल्या पोत्यांवर. तालमीतल्या मारुतीपुढे बाईचं पाऊल पडू देणार नाही, असा शब्द त्याने बापाला दिला होता, तोही बापाच्या शेवटच्या आजारात. केतकी चौदा वर्षं उंबऱ्याबाहेर शिकली. पाऊस आला की पोती आत जात आणि ती वळचणीला उभी राही. आता तिच्यामागे अंगणात नऊ मुली होत्या. आत छप्पर होतं, उंची होती, तुळईला दोर होते आणि तीन पैलवान होते. त्यातला एक गुडघा धरून बसलेला असे.

विमानात केतकीने विषय काढला. पदक आणलं तर मुलींना दार उघडाल का, असं तिने सरळ विचारलं.

"पदक आणशील ते देशासाठी," वस्ताद म्हणाला. "त्याचा आणि दाराचा काय संबंध?"

"मग दाराचा संबंध कशाशी आहे?"

"शब्दाशी."

"माझा शब्द दिवसातून चाळीस वेळा फिरतो, वस्ताद. माझं काय बिघडलं?"

"म्हणून तर वही माझ्याकडे आहे."

यावर केतकीने त्याच्या ताटातला गुलाबजाम उचलून खाल्ला.

स्पर्धा समुद्रकाठच्या एका गावात होती. गावाचं नाव वस्तादाला म्हणता येत नसे. तिथे वारा फार, म्हणून तो त्याला वाऱ्याचं गाव म्हणे. संघाचा कोट त्याने धोतरावरच चढवला होता आणि डोक्यावर टोपी होती. दुसऱ्या देशांच्या वह्या लिहिणारे त्याला रोज उठून नमस्कार करत. तो मान हलवी.

सांघिक अंतिम फेरीत शेवटची पाळी केतकीची होती, जमिनीवरच्या कसरतीत. मला शेपूची भाजी आवडत नाही, असं तिने माइकवर सांगितलं. वस्तादाने लिहिलं. तिने सात कोलांट्या मारल्या. सातवीला अंग जरा मागे गेलं, पण पाय टिकले. पंच आपसांत बोलू लागले, सात की साडेसहा. वस्ताद वही घेऊन तिच्याजवळ गेला.

"शेपू?" त्याने विचारलं.

"आवडते," केतकी धापा टाकत म्हणाली. "मूगडाळ घालून."

सात धरल्या. आपला संघ तिसरा आला. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि कर्णिक मॅडम खुर्चीवर उभ्या राहिल्या.

तेवढ्यात पंचप्रमुख बाई आल्या. उंच, चष्मेवाल्या. त्यांनी वही चाळली, अक्षर चांगलं आहे म्हणाल्या, आणि वही लिहिणाऱ्याने आजवर कोलांट्या किती मारल्या ते विचारलं. एकही नाही, असं वस्तादाने अभिमानाने सांगितलं. कर्णिक मॅडमनी त्याचं इंग्रजी केलं. बाईंचा चेहरा पडला.

यंदापासून नियम बदलला होता. ज्याचा स्वतःचा शब्द कधी फिरला नाही, त्याला दुसऱ्याचा फिरलेला शब्द ओळखू येईल कशावरून? वही लिहिणाऱ्याने किमान एक कोलांटी मारलेली असावी. पत्र सहा महिन्यांपूर्वीच पाठवलं होतं. ते कर्णिक मॅडमच्या पर्समध्ये निघालं.

अर्ध्या तासाची मुदत मिळाली. वस्तादाने इथेच, सगळ्यांसमोर, एक कोलांटी मारायची. नाहीतर वही बाद, वहीबरोबर सातवी कोलांटी बाद, आणि पदक चौथ्या संघाला. त्याने शब्द सांगायचा तोही आपला सगळ्यांत पक्का. हलका शब्द चालणार नाही, कारण हलका शब्द या गावात नुसत्या वाऱ्यानेही फिरतो, असं बाई म्हणाल्या.

वस्ताद बाकावर बसला. त्याचा सगळ्यांत पक्का शब्द कोणता, हे अख्ख्या संघाला ठाऊक होतं. केतकी शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "शेपू सांगा. त्यांना काय कळतंय? तुम्हाला शेपू आवडत नाहीच."

"नाही आवडत."

"मग खोटंही नाही."

"बाईने पक्का विचारलाय. शेपू पक्की नाही. भूक लागली तर खाईन मी."

गुडघ्यांवर हात ठेवून त्याने हिशेब केला. खोटा सांगितला तर शब्द गेलाच. खरा सांगितला तर फिरणार. दोन्हीकडून जायचाच असेल तर खरा सांगून जावा. त्याने टोपी काढून केतकीच्या हातात दिली, धोतराचा काचा मारला आणि माइकपाशी गेला.

"मारुतीपुढे बाईचं पाऊल पडू देणार नाही," तो म्हणाला. कर्णिक मॅडमनी इंग्रजी केलं. बाईंनी लिहून घेतलं.

वस्ताद वाकला, हनुवटी छातीला लावली, चौदा वर्षं केतकीला सांगत आला होता तशी, आणि उलटला.

कोलांटी चांगली झाली. पण जमिनीखाली स्प्रिंगा होत्या, आणि स्प्रिंगांवर तो जन्मात चढला नव्हता. पाठ टेकते न टेकते तोच जमिनीने त्याला पुन्हा उचललं आणि पाय दुसऱ्या कोलांटीला वर निघाले. दुसरी पूर्ण झाली असती तर शब्द परत जागेवर आला असता. केतकी धावली.

"दुसरी नको, वस्ताद!"

एक पाय तिने धरला, दुसरा हरसिमरनने. दोघी पायांवर बसल्याच. पंचांनी पाहिलं. पहिली पूर्ण, दुसरी अर्धीही नाही. आधार देण्याविरुद्ध नियमात काही नव्हतं.

बाईंनी वाकून शब्द विचारला. वस्ताद छताकडे बघत पडला होता. पाठीतली कळ सुटावी तसं आत काहीतरी कट्‌ वाजलं होतं. दुखलं मात्र नव्हतं.

"मुलींनी आत यावं," तो म्हणाला. आणि जरा थांबून म्हणाला, "पाय धुऊन."

कर्णिक मॅडमनी पायांचंही इंग्रजी केलं. बाईंनी शिक्का मारला.

चौथ्या दिवशी वडूजला तालमीचं दार उघडलं. नऊ मुलींनी नळावर रांगेने पाय धुतले आणि त्या आत गेल्या. गुडघेवाला पैलवान सरकून बसला. केतकी मात्र पाय धुऊन, पदक गळ्यात घालून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"आता काय?" वस्तादाने विचारलं.

"देणाऱ्याचा शब्द फिरला. घेणाऱ्याचं काय?"

वस्तादाने मान वर केली. भिंतीवर बापाचा फोटो होता, खांद्यावर गदा, मिशा पिळलेल्या. पोरीचं म्हणणं बरोबर होतं. त्याने स्टूल आणलं, वर चढला, फ्रेम दोन्ही हातांनी धरली आणि खिळ्यावर फिरवायला लागला. खिळा कुरकुरला. बाप खाली डोकं वर पाय झाला तिथे वस्तादाचा खांदा भरून आला, म्हणून तो थांबला.

"अर्धी धरत नाहीत," केतकी उंबऱ्यावरून म्हणाली.

"मला शिकवू नको."

त्याने दम घेतला आणि फ्रेम पूर्ण फिरवून सरळ केली. फोटोच्या दोरीला एक पीळ पडला. मग खाली उतरून त्याने वही काढली. पहिल्या रकान्यात बापाने घेतलेला शब्द लिहिला, दुसऱ्यात लिहिलं, एक. तिसरा भरायला त्याने पेन टेकवलं तेव्हा समोरच्या लाल मातीत केतकीचे ओले पाय उमटले होते.