तबकडी दिसेनाशी होईपर्यंत

पावणेअकराला नावाड्याने आयुष्यातला पहिला खोटा आकडा पाठवला, फोन मांडीवर ठेवला आणि तो वाजायची वाट बघत होडीत बसून राहिला.

काम तसं सोपं होतं. आभाळात एक उपग्रह होता. तो एक दिवसाआड पावणेअकराच्या सुमाराला या किनाऱ्यावरून जायचा आणि समुद्राचा रंग टिपायचा. त्या रंगावरून म्हणे पाणी किती नितळ, त्यात गाळ किती, शेवाळ किती, हे सगळं कळायचं. पण इतक्या उंचावरून बघणाऱ्यावर विश्वास ठेवायचा तर खालून कुणीतरी हो म्हणायला हवं. ते हो म्हणायचं काम नावाड्याकडे होतं. ताटाएवढी पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी झाली की थांबायचं, दोरीच्या गाठी मोजायच्या आणि तेवढे मीटर केंद्राला कळवायचे. चाळीस वर्षं त्याने माणसं या तीरावरून त्या तीरावर पोचवली होती. मग पूल झाला आणि होडी रिकामी झाली. तेव्हा मुलीने हे काम सुचवलं होतं, कारण मुलगी त्याच केंद्रात होती, समुद्राच्या रंगाच्या खात्यात.

केंद्र एका दिवसाच्या प्रवासावर होतं आणि मुलगी तीन वर्षांत घरी आली नव्हती. भांडण वगैरे काही नव्हतं. दर रविवारी तिचा फोन यायचा, पण तो घ्यायची अक्का, नावाड्याची थोरली बहीण. मुलीची आई गेल्यापासून घर अक्काच्याच हातात होतं आणि फोनही. नावाडी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा आणि म्हणायचा, तिकडे पाऊस आहे का विचार. अक्का विचारायची. मग म्हणायची, नाही म्हणते. नावाडी म्हणायचा, बरं. बापलेकीचं आठवड्याचं बोलणं एवढंच. बापाला विषय सुचायचा नाही आणि लेकीला वाटायचं, आबांना फोनवर बोलायला आवडत नाही.

अशात पंधरवड्यापूर्वी एक गडबड झाली. गाठी मोजता मोजता शेजारून एक मच्छीमार बोट गेली, कुणीतरी किती वाजले म्हणून विचारलं आणि नावाडी घड्याळ बघून परत मोजायला लागला तो भलत्याच गाठीपासून. तासाभराने फोन वाजला. नाव मुलीचं. वार मंगळवार. एवढ्या आडवारी फोन म्हणजे काहीतरी वाईटच.

"आबा, तुम्ही नऊ मीटर कळवलंय. उपग्रह सहा म्हणतोय. इथे तुमची ओळ लाल झालीय."

नियमच तसा होता. दोन आकड्यांत एका मीटरहून जास्त फरक पडला की तिच्या संगणकावर ती ओळ लाल व्हायची. मग निरीक्षकाला फोन करायचा आणि कारण लिहून घ्यायचं. त्यासाठी अकरा प्रश्नांचा एक छापील तक्ता होता. ऊन समोरून होतं की पाठीमागून, लाटा किती होत्या, होडी हलत होती का. नावाडी एकेक उत्तर देत गेला. पाण्याबद्दल बोलायचं तर त्याची जीभ अडत नव्हती. दहाव्या प्रश्नाला मुलीने विचारलं, "रात्री झोप नीट झाली होती का?" आणि अकराव्याला, "तब्येत कशी आहे?"

तक्त्यात होतं म्हणून तिने विचारलं होतं. नावाड्याला ते माहीत नव्हतं. तो पंचवीस मिनिटं बोलला आणि घरी येऊन अक्काला म्हणाला, पोरगी फार मायाळू झालीय. अक्का म्हणाली, पोरगी पहिल्यापासून तशीच आहे, तुझ्याच तोंडाला कुलूप होतं.

त्यानंतर नावाड्याने सहा वेळा तबकडी सोडली, सहाही आकडे अगदी चोख. सहाही वेळा फोन आला नाही. त्याने फोन आंघोळीलाही नेऊन पाहिला. सातव्या वेळी दोरी सात मीटरवर थांबली. त्याने तबकडीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि साडेचार लिहिलं.

फोन वीस मिनिटांत आला.

खोटं एकदा जमलं की पुढचं सोपं असतं, अशी त्याची समजूत होती. ती चुकीची निघाली, कारण प्रत्येक आकड्याला कारण द्यावं लागायचं आणि केंद्र कारणं मनावर घ्यायचं. दोरी आखडली असावी, असं तो एकदा म्हणाला, तर आठवड्यात नवी दोरी आली, सोबत पोलादी फीत. डोळ्यांवर तिरीप येते म्हणाला, तर रुंद काठाची टोपी आली आणि पाण्यात धरून बघायला हातभर लांब नळकांडं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणाला, तर शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ ठरवून चिठ्ठी आली. डॉक्टरांनी अर्धा तास तपासून सांगितलं, की या वयात इतके चांगले डोळे त्यांनी पाहिले नाहीत. नावाडी असा पडेल चेहऱ्याने बाहेर आला, की बाकावरचे पेशंट घाबरले.

शेवटी त्याने हात झटकून जेलीफिशवर ढकललं. तबकडीसमोर त्यांचा थवाच्या थवा आला, असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी दारात एक तरणाताठा तज्ज्ञ बॅग घेऊन उभा. जेलीफिशवर त्याने सात वर्षं अभ्यास केला होता आणि या किनाऱ्यावर या दिवसांत त्या कशा आल्या, या विचाराने त्याची झोप उडाली होती. तो दोन दिवस होडीच्या काठावरून वाकून बसला, दोन्ही वेळा अक्काच्या हातचं पोटभर जेवला आणि एकही जेलीफिश न बघता गेला. जाताना म्हणाला, न दिसणं हीसुद्धा महत्त्वाची नोंद आहे.

"तुझी जेलीफिश चौदा पोळ्या खाऊन गेली," अक्का म्हणाली. "आता पुढच्या खेपेला देवमासा सांगू नकोस. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

पण मधल्या वेळात केवढं काय काय झालं होतं. मुलगी खिडकीत रोपटं लावते, तिच्या खोलीचा नळ गळतो, जेवायला ती एकटीच बसते कारण बाकीचे लवकर उरकतात, हे सगळं नावाड्याला कळलं होतं. तो तिला पाण्याचे रंग सांगायचा. भरतीला हिरवट, ओहोटीला चहासारखं, आणि आज मधोमध एक निळी पट्टी आहे, तुझ्या आईच्या लुगड्याची होती तशी. मुलगी ऐकून घ्यायची. मग म्हणायची, हे कुठल्या रकान्यात लिहू? आभाळ भरून आलेलं असो की लख्ख असो, खोटा आकडा गेला की फोन येणार हे ठरून गेलं होतं. रविवारी अक्काला मात्र ती आता पाचच मिनिटं द्यायची आणि अक्का त्याचा राग नावाड्याच्या आमटीत मीठ टाकून काढायची.

अशात साहेबांचं पत्र आलं. साहेब म्हणजे मुलीचे वरिष्ठ. त्यांनी लिहिलं होतं, की निरीक्षकाच्या अडचणी लक्षात घेऊन या ठिकाणी आता तरंगतं यंत्र बसवण्यात येत आहे. यंत्राला डोळा आहे. ते पाण्याची नितळता स्वतःच मोजेल आणि दर पाच मिनिटांनी आकडा स्वतःच केंद्राला पाठवेल. निरीक्षकाने इतके दिवस सोसलेल्या त्रासाबद्दल केंद्र आभारी आहे. यापुढे त्याने फक्त यंत्राची काच पुसावी.

नावाड्याने पत्र तीनदा वाचलं. काच पुसायला फोन कोण करणार?

यंत्र आलं ते टेम्पोतून, आणि टेम्पोतून मुलगीही उतरली. तिच्यासोबत एक मेकॅनिक होता. नावाड्याने तीन वर्षांनी मुलीला पाहिलं आणि विचारलं, "तिकडे पाऊस आहे का?"

"नाही," मुलगी म्हणाली. अक्काने कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी तिघं होडीतून निघाली. यंत्र पिवळंधमक, पिंपाएवढं. मेकॅनिकला समुद्र लागला होता. तो पुढच्या टोकाला डोळे मिटून आडवा झाला आणि मला कुणी काही विचारू नका म्हणाला. नावाडी वल्हवत होता. ठरलेली जागा आली तसे त्याचे हात थांबले. हे पिंप एकदा पाण्यात गेलं की त्याचे एक दिवसाआडचे पावणेअकरा पुन्हा रिकामे होणार होते. पण तेवढंच नव्हतं. समोर पोरगी बसली होती, केंद्राची माणसं, वस्तू, टेम्पो, सगळं त्याच्या आकड्यांवर धावत आलं होतं, आणि तिच्यासमोर खोटं पुढे रेटणं त्याला जमेना.

"हे परत घेऊन जा," तो म्हणाला. "दोरी बरी होती. डोळे बरे आहेत. आकडे मी मुद्दाम खोटे लिहिले."

मुलगी पाण्याकडे बघत होती. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"दुसऱ्यांदा केलंत ना, तेव्हापासून. आबा, त्या दिवशी ढग होते."

"मग?"

"ढग असले की उपग्रहाला खालचं काही दिसत नाही. त्याचा आकडाच येत नाही. आकडा नाही, तर फरक कशाशी काढणार? ओळ लाल होतच नाही. कोरी राहते."

नावाड्याने मनातल्या मनात दिवस आठवले. मोजण्यात तो कच्चा नव्हता. चौदा फोन आले होते आणि त्यातल्या नऊ दिवशी आभाळ गच्च भरलेलं होतं.

"मग मला उपग्रह अमुक म्हणतोय, तमुक म्हणतोय, असं सांगायचीस ते?"

"मनानेच सांगत होते. आणि तुम्ही त्यालाही कारण द्यायचात, तेव्हाच कळलं."

"आणि कारणं लिहून घ्यायचीस?"

"लिहून घेतली, म्हणून तर दोऱ्या आल्या. मला काय माहीत साहेब इतके कामसू आहेत." तिने ओठ दाबून धरले होते, पण हसू डोळ्यांतून सांडत होतं. मग ते थांबलं. "तुम्ही फोनवर कधी बोलला नाहीत, आबा. मला वाटलं, पाण्याचं काम संपलं की तुम्ही परत चौकटीला जाल."

पुढून मेकॅनिकने क्षीण आवाजात विचारलं, की ते यंत्र टाकणार आहात की मीच आधी पाण्यात पडू?

परत नेणं शक्य नव्हतं. साहेबांची सही झाली होती. परत न्यायचं तर कारण लिहावं लागलं असतं आणि खरं कारण कुठल्याच रकान्यात बसलं नसतं. म्हणून दोघांनी मिळून ते पिंप पाण्यात लोटलं. नांगराची गाठ नावाड्याने स्वतः मारली, कधी सुटू नये अशी. संध्याकाळच्या बसने मुलगी गेली. बस वळेपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता.

यंत्र उत्तम चाललं. सोमवार गेला. मंगळवारी आभाळ स्वच्छ होतं. नावाडी काच पुसायला म्हणून निघाला, काच दोन मिनिटांत पुसून झाली आणि पावणेअकरा वाजले. त्याने फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. मग आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन मुलीचं नाव दाबलं.

"आबा? काय बिघडलं?"

"काही नाही."

"काच फुटली का?"

"नाही. सगळं बरं आहे." सांगण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. "जेवलीस का?"

"आबा, पावणेअकरा वाजलेत."

"मग नाश्ता?"

"केला." तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मुलगी कुणालातरी म्हणाली, मी जरा कामात आहे. मग ती नाश्त्याचं सांगायला लागली. तिथून गळक्या नळावर आली, नळावरून घरमालकिणीवर. नावाडी हं हं करत ऐकत होता. वल्ही त्याने केव्हाच आत ओढून घेतली होती आणि होडी आपली आपण सरकत होती.

मध्येच मुलगी थांबली. "आबा, तुमची होडी कुठे आहे?"

नावाड्याने मान वळवली. होडी पिवळ्या पिंपाला जाऊन टेकली होती आणि तिची सावली बरोबर यंत्राच्या डोळ्यावर पडली होती.

"पिंपाशीच आहे. का गं?"

"इथे ओळ लाल झालीय."

"अरे देवा. सरकवतो लगेच."

"राहू दे," मुलगी म्हणाली. "राहू दे जरा. तर ती घरमालकीण काय म्हणाली..."