चोवीस तास चालणारा सर्व्हर

एका जंगलात, मुलांनो, नेट फार छान यायचं. तिथे मधुसूदन नावाचा कोल्हा राहत असे. कोल्हा हुशार असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मधुसूदनलाही ठाऊक होतं. घोळ तिथूनच झाला.

त्याची लेक शालन लग्न होऊन डोंगरापलीकडे गेली होती. रविवारी तिच्या पिल्लांचं बारसं होतं.

"बाबा, मला सासरच्यांना माझे लहानपणीचे फोटो दाखवायचेत हो!"

मधुसूदनने घरात सर्व्हर बसवला. सगळे फोटो त्या एका यंत्रात. ते चोवीस तास चालू राहणार, आणि शालन तिकडे बसून हवं तेव्हा बघणार.

घुबडाच्या सल्ल्याने त्याने फुकटातली ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. संध्याकाळी घरी येतो तर सर्व्हर बंद!

"फुकटचं ते फुकटचंच," म्हणत त्याने विकतची टाकली. दुसऱ्या संध्याकाळी तीही बंद.

"काका, सिस्टिमचा काय दोष?" कॉम्प्युटरच्या दुकानातलं माकड म्हणालं. "तुमचं हार्डवेअरच थकलंय." मग नवा प्रोसेसर आला, दुप्पट मेमरी आली, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून दोन हार्ड डिस्क आल्या. संध्याकाळी पुन्हा सगळं थंड.

आता, घरात मधुसूदनची आई होती. बाहेर पडताना एखादं बटण चालू राहिलं तर तिचा जीव थाऱ्यावर नसे. रोज दुपारी भजनाला निघताना ती पंखा, गिझर, सर्व्हर, सगळं बंद करून जायची. तिला कुणी विचारलंच नाही. अशा गोष्टी आईला काय विचारायच्या?

रविवारी सकाळी मधुसूदनने तिसरी सिस्टिम टाकली आणि चौथीची चौकशी करायला तो घुबडाकडे गेला. दुपारी आई निघणार, तेवढ्यात फोन वाजला.

"आजी, सगळे जमलेत गं, आणि एकही फोटो दिसत नाही!" शालन रडकुंडीला आली होती.

"कसा दिसेल? आत्ताच बंद केलंय मी ते. केवढं तापलं होतं बिचारं! थांब, लावते."

दोन मिनिटांत पलीकडून हशा ऐकू आला. आजी त्या दिवशी भजनाला गेली नाही. फोन कानाला लावून तिथेच बसली. तिला फार बरं वाटलं.

संध्याकाळी मधुसूदन आला. सर्व्हर चालू!

"बघ आई, ही सिस्टिम मानवली!"

"हो रे बाबा," म्हणून आईने चहा टाकला.

आता मधुसूदन जंगलभर व्याख्यानं देतो. विषय, घरच्या सर्व्हरला कोणती सिस्टिम निवडावी. व्याख्यानं दुपारी असतात. त्या वेळी आई सगळं बंद करून भजनाला गेलेली असते, आणि तो घरी यायच्या आत येऊन सर्व्हर तेवढा लावून ठेवते.

तात्पर्य: यंत्र बंद पडलं तर घरच्यांना कधीही विचारू नये. उत्तर लगेच मिळतं आणि तज्ज्ञ व्हायचं राहून जातं.