घरच्यासारखी वागणूक

जव्हारच्या भास्करशेठचा मुलाम्याचा कारखाना वाढला, ही बातमी सर्वांत आधी शेठच्या कंबरेला कळली. इतकी वर्षं समया नाहीतर जीपचे बंपर, असलं किरकोळ चकाकवायचं काम यायचं. आता नाशिकच्या एका व्यापाऱ्यानं दसऱ्याच्या आत टेम्पोभर पितळी नळांवर निकेल चढवून मागितलं होतं. सगळं फोनवर हर्षलशी, म्हणजे भास्करच्या मॅनेजमेंट शिकून आलेल्या मुलाशी ठरलं. ऑर्डर वेळेत गेली तर गिऱ्हाईक कायमचं. चुकली तर मुलाम्यासाठी नवी घेतलेली टाकी बसायची भास्करच्या उरावर.

अडचण एकच. टाकीवर उभं राहायला माणूस मिळेना.

"लोकांना कामच नकोय हो!" भास्कर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. "भिवंडीला वीटभट्टीवर उन्हात मरतील, पण इथलं सावलीतलं काम नको."

सावली होती खरी. तिच्यात ॲसिडच्या वाफा होत्या आणि हातमोज्यांचा एक जोड होता, त्यातला डावा फाटका. पण हे कोणी विचारत नव्हतं, म्हणून तोही सांगत नव्हता.

शेवटी बाजारात पाटी लागली: 'कामगार पाहिजेत. घरच्यासारखी वागणूक मिळेल.' दुसरं वाक्य खुद्द भास्करचं. ते सुचलं तेव्हा त्याला चक्क गहिवरून आलं.

दुसऱ्याच दिवशी जामसरहून जिवा आला. टाकीत डोकावला, खोकला आणि शांतपणे म्हणाला, "शेठ, हर्षलदादा कवा उभा ऱ्हातो इथं?"

"तो कशाला?" भास्करची बायको आशालता आतून कडाडली. "मुली बघायला जायचंय त्याला. काळेनिळे हात घेऊन पोहे खायचे का त्यानं?"

"माझा पण लगीन ठरायचा हाय, बाई," जिवा म्हणाला. "पाटीवर घरच्यासारखा लिवलाय ना?"

भास्कर पडला तत्त्वाचा माणूस. पाटी खोटी ठरली तर जव्हारात तोंड कुठे दाखवायचं? जिवाला पंख्याखाली, हर्षलशेजारी खुर्ची मिळाली. पद: सहायक देखरेख.

मग दाभोशाची बायडी आली. वासानं बाईंना मळमळतं का, हे तिनं आधी विचारून घेतलं आणि मग आपल्यालाही मळमळतं असं कळवलं. ती आशालताजवळ बसून लसूण सोलू लागली. खोडाळ्याचा पुंजा तर वयानं मोठा निघाला, म्हणजे त्याला घरातल्या वडीलधाऱ्यासारखं वागवणं आलं. तो फक्त "नीट कर रे" एवढंच म्हणायचा. भास्करला.

कारखाना माणसांनी गजबजला. हर्षल रोज बैठक घेऊ लागला: टाकीवर मनुष्यबळ कमी का पडतं? सगळे गंभीरपणे भास्करकडे बघत. फाटक्या मोज्यातून निथळत भास्करही गंभीरपणे मान हलवी. नवे मोजे आणावेत असं त्याच्या एकदा मनात आलं. पण घालणार आपणच, मग उगाच खर्च कशाला?

दसऱ्याच्या तोंडावर व्यापारी स्वतः माल न्यायला आला. नळ झळझळत होते. पंख्याखालच्या मंडळींना नमस्कार करून तो टाकीपाशी गेला. तिथल्या बनियनमधल्या, लाल डोळ्यांच्या माणसाच्या कानाशी लागला.

"हात छान आहे तुझा. माझ्याकडे येतोस नाशिकला? शेठला बोलू नको. अगदी घरच्यासारखा ठेवीन बघ."

भास्करनं कोपरापासून हात जोडले. "तेवढं सोडून काहीही करा, साहेब! परक्यासारखा ठेवा. मोजे द्या."

माल गेला, गिऱ्हाईक कायमचं झालं, नळ दुप्पट येऊ लागले. टाकीवर माणूस अजून हवाच आहे. तुमचा मुलगा सध्या मोकळाच असतो म्हणे, पाठवता का त्याला?

नाही ना? मग तुम्हीही घरचेच निघालात. या, पंख्याखाली बसा.