गुलाबरावांची तपासलेली हळद

मलकापुरात साबणापेक्षा साबणाच्या वेष्टनाचा जास्त उपयोग कोणी केला असेल, तर तो गुलाबराव सरांनी! सरांनी उभी हयात शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. त्यातला ग्राहकाच्या हक्कांचा धडा पोरांनी परीक्षेपुरता वाचला, सरांनी मात्र तो अंगाला चोळून घेतला. निवृत्तीनंतर खिशात पेन राहिलं नाही, भिंग आलं. सर दुकानात शिरले की शाम्पूच्या बाटल्या आपोआप सावधान होतात, असं शकूरभाई किराणावाले गिऱ्हाइकांना सांगत.

अशा सरांच्या भाच्याचं, हर्षलचं, लग्न ठरलं. मुलगी दुसरबीडच्या रंगरावांची. रंगराव म्हणजे मिशीनेच अर्धं बोलणारा माणूस. सुपारीच्या बैठकीत त्यांनी मिशीला पीळ देऊन सांगितलं, "नवरदेवाची उष्टी हळद आमच्या पोरीच्या अंगाला लागती. ती पाकिटातली चालायची नाही. घरची पाहिजे. शुद्ध!"

सगळे नवरदेवाच्या आईकडे, विमलबाईंकडे, पाहू लागले. पण त्यांचे धाकटे बंधू केव्हाच उभे राहिले होते.

"हळद मामाकडून! एकेक घटक तपासून देतो. त्यात भेसळ निघाली तर मिशा उतरवतो!"

सरांना मिशा नव्हत्या. त्यामुळे बैठकीने ते फार मनावर घेतलं नाही. सरांनी घेतलं.

दुसऱ्याच दिवशी ते शकूरभाईंच्या दुकानात होते. हातात हळदीच्या उटण्याचं पाकीट, डोळ्याला भिंग.

"शकूरभाई, याच्यावर लिवलंय 'नैसर्गिक'."

"लिवलंय तर असनच ना सर."

"मंग हे काय? शेवटी लिवलंय 'सुगंध'. कशाचा सुगंध?"

"चांगला हाये हो. घेऊन पाहा वास."

"वास नाई विचारला, नाव विचारलं! गुलाबाचा, मोगऱ्याचा, का फिनाईलचा? जो आपलं नाव सांगत नाई, त्याले तुम्ही घरात घ्यान काय?"

"सर," शकूरभाई हात जोडून म्हणाले, "लगन हर्षलचं हाये का या पाकिटाचं? इतकी चवकशी तं पोरीवाल्यायनं पोराची नसन केली!"

सरांनी पाकीट दोनदा पाठ करून ते तुच्छतेने परत ठेवलं आणि पुढचा महिना घराची प्रयोगशाळा केली. हळकुंडं ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणली, गिरणीत स्वतः उभं राहून दळली. गिरणीवाल्याला आधी जातं पुसायला लावलं, मग हात धुवायला, मग बाहेर उभं राहायला. हरभऱ्याची डाळ निवडायला बायकोला, वंदनाताईंना, बसवलं आणि वंदनाताईंवर लक्ष ठेवायला स्वतः बसले. आणि सगळ्यात शेवटी आली सोनाळ्याच्या मित्राच्या बागेतली केळीच्या खोडाची राख. राखेने अंग आरशासारखं निघतं, असं त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं.

"राख?" वंदनाताई म्हणाल्या. "लग्नाच्या हळदीत राख?"

"तपासली मी."

आणि खरंच तपासली होती! हळद भिजवून डाव्या दंडावर लावली. राख भिजवून उजव्या दंडावर. बेसन पोटावर. रोज भिंगातून स्वतःचं निरीक्षण केलं. ना पुरळ, ना खाज. प्रत्येक घटक पहिल्या श्रेणीत पास झाला. फक्त डावा दंड आणि उजवा दंड महिनाभरात एकदाही एकमेकांना भेटले नाहीत.

मग सगळं कोरडंच एकत्र करून बरणीत भरलं. बरणीवर चिठ्ठी चिकटवली. घटक अमुक, घटक तमुक, आणि खाली ठळक अक्षरात, 'सुगंध : नाही.' ती बरणी सरांनी दुसरबीडपर्यंत मांडीवर नेली. नवरदेव डिकीजवळ बॅगांत बसला.

मंगल कार्यालयात हळदीचा थाट मांडला होता. अंगणाच्या या बाजूला नवरदेवाची मंडळी, त्या बाजूला नवरीची. पाटावर हर्षल, भोवती बाया, गाणी रंगात आलेली. सरांनी चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली. दोघी-तिघींनी टाळ्याही वाजवल्या. विमलबाईंचा ऊर भरून आला.

"माह्या भावानं केली बरं! पाकिटाची नाई!"

आणि त्यांनी परातीत पाणी ओतलं.

पहिल्या बोटाला हळद केशरी झाली. दुसऱ्या बोटाला विटकरी. हात पुरता फिरेपर्यंत परातीत लालभडक चिखल झाला होता! गाणं मधल्याच ओळीवर थांबलं.

"बाई बाई! हे तं कुंकू झालं!"

"गुलाब्या, काय कालवलं रे याच्यात?" विमलबाईंचा आवाज चिरकला.

"चिठ्ठी वाच अक्का. सगळं शुद्ध हाये!"

"शुद्धच लाल हाये रे!"

सरांनी धीर सोडला नाही. बरणीतलं आणखी ओतलं. आणखी लाल झालं. दूध टाकलं, गुलाबी झालं. पुन्हा बरणी पालथी केली, आता रंग थेट मिरच्यांचा आला.

"मामा," हर्षल पाटावरून म्हणाला, "मले हळद लावून राह्यले का ठेचा?"

"चूप बस बे! लागली की होईल पिवळी," म्हणत सरांनी विश्वासाने एक फराटा त्याच्या गालावर ओढला. तो पिवळा झाला नाही. नेमकं त्याच वेळी दारातून रंगराव डोकावले.

"काय हो, हळद कुठं अडली? तिकडं पोरगी ताटकळली." मग त्यांची नजर जावयावर गेली. "गालाला काय झालं याच्या? कोणी हात उगारला का काय?"

सरांनी परातीपुढे धोतर पसरून बसकण मारली.

"नाई नाई! लाजला तो."

"एकाच गालानं?"

"आमच्याकडं तसंच लाजतेत!"

रंगरावांनी मिशीला पीळ दिला. "दहा मिनिटांत हळद आली पाहिजे. घरची सांगितली होती, ध्यानात असू द्या." आणि ते वळले.

सर आयुष्यात पहिल्यांदा घामेजले. महिनाभराची तपासणी, भर बैठकीत दिलेला शब्द, बहिणीची सोयऱ्यांतली लाज, सगळं त्या परातीत लाल होऊन बसलं होतं.

तेवढ्यात वंदनाताईंनी पदराआडून एक पाकीट काढलं. तेच! उटण्याचं!

"शकूरभाईनं तवाच मले देल्लं. म्हने, वहिनी, सरांच्या हळदीसंगं हेबी असू द्या."

"वंदना! हे? याच्यात तो बिननावाचा..."

"हळदीच्या डागाले साबण लागला की डाग कसा होते?"

"कसा होते?"

"लाल होते! राखेनंबी तसाच होते. पन तुमाले कसं माहीत राहीन? जल्मात एक सदरा धुतला काय?"

बाया फिस्स करून हसल्या. पाकीट फुटलं, परात बदलली, हर्षलचा गाल पुसला, हळद पिवळीधमक कालवली गेली आणि गाणं सुटलेल्या ओळीपासून पुढे सुरू झालं. उष्टी हळद वाजतगाजत अंगण ओलांडून गेली. सर कोपऱ्यात रिकाम्या बरणीवरची चिठ्ठी नखाने खरवडत बसले.

पंगतीला रंगराव स्वतः वाढायला आले. सरांच्या पानाशी थांबले.

"गुलाबराव! हळद म्हणावी तर ही! पोरीचं अंग कसं झळकायला लागलंय! अन् वास? अख्खा मांडव घमघमला! मानलं तुम्हाला. घरचं ते घरचंच!"

पंक्तीतली सगळी डोकी वळली. विमलबाई कौतुकाने, वंदनाताई मजेने आणि वऱ्हाडासोबत येऊन समोरच्या रांगेत बसलेले शकूरभाई जिलबी अर्ध्यावर धरून पाहू लागले. सरांची मान हळूहळू ताठ झाली. छाती तर बैठकीतल्यापेक्षाही पुढे आली.

"तपासून केली ना!" सर म्हणाले. "एकेक घटक!"

"सांगा तरी, काय काय घातलं?"

सरांनी डोळे मिटले आणि पाकिटाची मागची बाजू पहिल्या अक्षरापासून घडाघडा म्हणून दाखवली. दोनदा पाठ केलेलं कामी आलं. शेवटचा शब्द तोंडातून निसटला, तेव्हा आवरायला उशीर झाला होता.

"...आणि सुगंध."

"हां, तेच विचारायचं होतं," रंगराव खाली वाकले. "कशाचा सुगंध?"

समोर शकूरभाईंच्या हातातली जिलबी वरणात पडली. सरांनी एक घोट पाणी घेतलं.

"नैसर्गिक!"