भीमसिंगने धरलेल्या सहा जागा

वामनराव गावंडे यांच्या गाडीने ऐन रविवारी सकाळी दगा दिला. तीनदा चावी फिरवली, तीनदा गाडी खोकली आणि गप्प झाली. वामनरावांनी आधी गाडीला, मग मेकॅनिकला आणि शेवटी पोहे घेऊन आलेल्या शीलाताईंना दोष दिला.

"म्या काय केलं?" शीलाताई म्हणाल्या. "एसटीनं जा ना. आर्णी काय जर्मनीत हाय?"

जर्मनीचं नाव निघालं तसे वामनराव निवळले. त्यांनी हातातली निळी फाईल उगाच एकदा उघडून पाहिली. आत एकच फोटो होता. एका कॉफीच्या बागेत चाळीस मराठी माणसं आणि अठ्ठेचाळीस जर्मन म्हातारे दाटीवाटीने उभे होते आणि मधोमध आर्णीजवळच्या तांड्यावरचा भीमसिंग राठोड रडून सुजलेल्या डोळ्यांनी हसत होता. या फोटोची दुसरी प्रत नव्हती. गेली सात वर्षं भीमसिंग तो मागत होता आणि गेली सात वर्षं वामनराव "आणतो, आणतो" म्हणत होते. वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हा धडा त्यांनी त्या दौऱ्यातच घेतला होता.

पण यंदा भीमसिंगचं नवं घर झालं होतं. दर जानेवारीत दौऱ्यातली मंडळी कुणाच्या तरी घरी जमत. यंदा ती त्याच्याकडे जमणार होती. त्याने भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. आज फोटो द्यायचा, असं वामनरावांनी मनावर दगड ठेवून ठरवलं होतं.

सात वर्षांपूर्वीचा तो दौरा म्हणजे शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या लहान उद्योजकांचा जर्मन कंपन्यांमधला अभ्यासदौरा. राज्यातून चाळीस जण निवडले होते. त्यांत यवतमाळ जिल्ह्याचे सहा. वामनरावांची डाळमिल, म्हणून ते आपोआपच सहा जणांचे म्होरके. भीमसिंग तुरीच्या शेतकरी गटाचा अध्यक्ष. पुसदचा जलाल तेलघाण्या दुरुस्त करायचा. पांढरकवड्याच्या मोनाली उईकेचा मसाल्याचा बचत गट होता. आणि दिग्रसचे दोघे जिनिंगवाले भाऊ, जे बोलत नसत, फक्त फोटो काढत.

पहिल्या चार दिवसांत सहा कंपन्या पाहून झाल्या आणि बसमधली जागाही ठरून गेली. नाशिकची द्राक्षवाली मंडळी चपळ. त्यांचे पोपटराव गाईडच्या आधी बसमध्ये चढत आणि पुढच्या तीन रांगा अडवत. यवतमाळकर शिस्तीत, नमस्कार-चमत्कार करत पोचेपर्यंत उरायची ती शेवटची रांग, बसमधल्या संडासाला लागून.

"साहेब, हा तर अनुशेष झाला," भीमसिंग म्हणाला. "मुंबईतही आपण मांगं अन् इथंही मांगं."

"शिस्तीत बसा," वामनराव म्हणाले. "आपण जिल्ह्याचं नाव घेऊन आलो आहोत."

"नाव सामने हाय साहेब," जलाल नाकाला रुमाल लावून म्हणाला, "आपुनच संडासापाशी हाओत."

पाचव्या दिवशी धान्य साफ करायच्या यंत्रांचा कारखाना होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री परतीचं विमान आणि रविवारी तांड्यावर भीमसिंगच्या मुलीची, वर्षाची सगाई. निदान शेवटचे दोन दिवस तरी आपल्या माणसांनी पुढे बसावं, असं भीमसिंगच्या मनाने घेतलं. आता आर्णीच्या स्टँडवर वाढलेल्या माणसाला जागा कशी धरायची हे शिकवावं लागत नाही. बस फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत गेला की ती जागा आपली. मग निवांत उसाचा रस पिऊन यावं.

कारखान्याच्या सभागृहात माहितीपट सुरू झाला तसा तो मोनालीच्या कानाशी लागला. "तुहा स्टोल दे. जलालभाई, टोपी काढा."

"कायले?" जलालने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता टोपी काढून दिली. दिग्रसच्या भावांनी कॅमेऱ्याचा स्टँड दिला. वामनराव उभे राहून प्रश्न विचारण्यात गुंग होते. त्यांच्या खुर्चीवरची टिपणांची वही भीमसिंगने परस्पर उचलली आणि तो लघवीला जायचं म्हणून बाहेर पडला.

पांढरी बस झाडाखाली उभी होती. ड्रायव्हर लांब कुठे तरी सिगारेट ओढत होता. भीमसिंगने सवयीने आधी खिडक्या पाहिल्या, पण एकही उघडेना. दार मात्र सताड उघडं. तो आत चढला. पहिल्या सीटवर वही, दुसरीवर टोपी, तिसरीवर स्टोल, चौथीवर कॅमेऱ्याचा स्टँड, पाचवीवर स्वतःचा दुपट्टा. पाच जागा झाल्या. सहावी त्याची स्वतःची. तिच्यावर टाकायला काहीच उरलं नव्हतं.

क्षणभर तो थांबला आणि मग त्याने खांद्यावरची पिशवी काढली. त्याच्या आईने, जमनाबाईने, कवड्या आणि आरसे लावून शिवलेली ती पिशवी एरवी फक्त आंघोळीच्या वेळी खांद्यावरून उतरायची. म्हणूनच तर वामनरावांनी सहा जणांचे पासपोर्ट रबरबँड लावून तिच्यात ठेवायला दिले होते.

माहितीपट संपला, चहा झाला, आभार झाले. सगळे बाहेर आले. झाडाखाली पांढरी बस उभी होती आणि तिच्या पुढच्या तीन रांगांत नाशिककर बसले होते.

"उठा पोपटराव," भीमसिंग म्हणाला. "आम्ही रुमाल टाकला हाय."

"कुठंय रुमाल?"

भीमसिंगने पाहिलं. वही नाही, टोपी नाही, पिशवी नाही. तो खाली उतरला, वर चढला, पुन्हा उतरला. मग मटकन पायरीवर बसला.

"साहेब," तो म्हणाला, "बस बदलली."

"कशी बदलेल? तीच तर आहे."

"ते नाही. म्या दुसऱ्या बशीत जागा धरून आलो. पिशवीनं."

वामनरावांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तो पुन्हा घालायचा विसरून गेले. "पासपोर्ट?" एवढंच ते म्हणाले.

मोनाली गेटकडे धावली. ती सहा महिने जर्मन शिकली होती. तिला आपलं नाव, वय, छंद आणि घरात किती माणसं आहेत हे अस्खलित सांगता येत होतं, आणि घाबरल्यावर तिच्या तोंडून तेवढंच निघालं. गेटवरच्या माणसाने ते मन लावून ऐकलं आणि आपल्याही घरात चार माणसं असल्याचं सांगितलं. तेवढ्यात दौऱ्याचा गाईड मार्टिन पोचला. त्याने इंग्रजीत उलगडा केला तो असा: शेजारच्या गावच्या निवृत्त लोकांची सहल कारखाना पाहायला आली होती. त्यांची बस त्याच कंपनीची, तशीच पांढरी. सुटायची वेळ तीन वाजून दहा मिनिटं. ती तीन वाजून दहा मिनिटांनी सुटली. पुढचा मुक्काम चाळीस किलोमीटरवर, तळ्याकाठच्या कॉफीच्या बागेत.

"ड्रायव्हरला फोन लावा," वामनराव म्हणाले.

"लावला. गाडी चालवताना तो उचलणार नाही. नियम आहे."

"मग आमची बस घ्या तिकडे."

"चार वाजता पुढच्या कंपनीत वेळ ठरली आहे," मार्टिन म्हणाला. "तुम्हा सहा जणांसाठी टॅक्सी पाहतो. तासाभरात येईल."

भीमसिंग अजून पायरीवरच होता. "रविवारी पोरीची सगाई हाय," तो कुणाकडेच न पाहता म्हणाला. "पाव्हणे येतीन. ते म्हणतीन, बाप कुठी हाय? याडी, माय माही, सांगंल, जर्मनीत जागा धरून बसला." आणि हा सहा फुटी माणूस मुलासारखा रडायला लागला. वामनराव त्याला काही तरी बोलणार होते. पाच दिवसांचं सगळंच बोलणार होते. त्यांना ते जमलं नाही.

तेव्हा बसमधून पोपटराव उतरले. धोतराचा सोगा सावरून त्यांनी मार्टिनसमोर बोट नाचवलं. "अहो मार्टिनसाहेब, चार वाजताच्या कंपनीला सांगा, नाशिक बी येत नाही. कोल्हापूर बी नाही. पोरीच्या बापाला वाऱ्यावर सोडून यंत्रं बघायची व्हय?" मार्टिनला एक अक्षर कळलं नाही, पण मागून कोल्हापूरकरांनी "नाही, नाही" असा जो गलका केला तो कळला. त्याने घड्याळाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक ठरलेली वेळ मोडली.

"यवतमाळवाले पुढं बसा," पोपटराव म्हणाले. "तुम्हाला रस्ता दिसला पाहिजे."

अशा रीतीने यवतमाळ जिल्हा पहिल्या रांगेत बसला. समोर मोठी काच, हिरव्या टेकड्या, लाल कौलांची गावं. भीमसिंगला त्यातलं काही दिसलं नाही. पोपटरावांनी बेदाण्याची पुडी त्याच्या हातात कोंबली. कोल्हापूरच्या एकाने पाणी दिलं. पाच दिवस ज्यांनी एकमेकांना फक्त जिल्ह्याच्या नावाने ओळखलं होतं, त्यांना वर्षाचं नाव, जावयाचं गाव आणि पंगत किती जणांची हे चाळीस किलोमीटरांत पाठ झालं.

कॉफीच्या बागेत म्हातारे केक खात होते. बस बाजूला उभी होती. ड्रायव्हरने दार उघडलं. भीमसिंग आधी चढला आणि तिथेच थबकला. त्याच्या मागे वामनराव, त्यांच्या मागे जलाल.

पहिल्या सीटवर वही होती. दुसरीवर टोपी. स्टोलची घडी मोडली नव्हती. पिशवी जशी ठेवली होती तशी, कवड्यासुद्धा त्याच बाजूला. पासपोर्ट सहाच्या सहा.

"या अल्ला," जलाल म्हणाला. "कोणी बसलंच नाही."

सहलीच्या प्रमुख बाई काठी टेकत आल्या. मार्टिन एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होता आणि वामनराव ते मराठीत. बसमध्ये चढलो तर सहा जागा कुणी तरी राखलेल्या दिसल्या. कुणाच्या ते कळेना. वाट पाहिली, पण सुटायची वेळ झाली. जागा राखलेली असताना बसणार कसं? मग पुढे बसणारे सहा जण मागे गेले.

"कोण सहा जण?" भीमसिंगने विचारलं.

बाईंनी हाताने दाखवलं. टेबलाशी एक आजोबा पाय लांब करून बसले होते. गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. ते चाळीस किलोमीटर शेवटच्या रांगेत, संडासाला लागून बसून आले होते.

भीमसिंग सीटकडे वळला. मग त्याने दुपट्टा उचलला, सरळ टेबलाशी गेला, आजोबांच्या खांद्यावर तो पांघरला आणि वाकून त्या ऑपरेशनच्या गुडघ्याला हात लावून नमस्कार केला. आजोबा गोंधळले. मग त्यांनी आपल्या बशीतला केकचा अर्धा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. त्यानंतर बागेत काय झालं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. बेदाणे वाटले गेले, पोपटराव बाईंना द्राक्षाची छाटणी हातवारे करून समजावत होते, आणि निघताना बाईंनी आपल्या कॅमेऱ्यावर सगळ्यांचा फोटो काढवून घेतला. तोच पुढे पोस्टाने वामनरावांच्या पत्त्यावर आला. दिग्रसच्या भावांनी काढलेले दोन हजार फोटो कॅमेऱ्यासकट विमानात राहिले.

आज वामनराव यवतमाळच्या स्टँडवर पोचले तेव्हा त्यांच्या गाडीतून जायला म्हणून पोपटराव बाकावर बसून होते. रातराणीने आले होते. दिवाळीत गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी.

"गाडी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"घरी बसली आहे. एसटीनं जाऊ."

लग्नाची तिथी होती. फलाटावर आर्णीला जाणारी अर्धी पंचक्रोशी उभी. बस वळण घेऊन आत येताच सगळे धावले. वामनरावांनी पोपटरावांच्या काठीकडे पाहिलं. त्यांना शेवटच्या रांगेत बसून आलेला तो जर्मन म्हातारा आठवला. पंचवीस वर्षं त्यांनी बायकोला, मुलांना, गिऱ्हाइकांना खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांविषयी भाषणं दिली होती. आणि आता हातात रुमालही नव्हता. ते बससोबत चार पावलं धावले आणि त्यांनी निळी फाईल खिडकीतून आत टाकली.

"धरली," ते धापा टाकत म्हणाले. "चला पोपटराव, सावकाश."

पोपटराव सावकाशच चालू शकत होते. दोघे दारापाशी पोचले तेव्हा पायरीवर चार जण लोंबकळत होते. कंडक्टर म्हणाला, "काका, मांगून दुसरी हाय," आणि त्याने घंटी मारली. बस निघाली. खिडकीतून फाईलची निळी कड दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.

वामनरावांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून राहिले. पोपटराव बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होते. मग त्यांना हसू आवरेना. "लावा फोन तुमच्या भीमसिंगला," ते म्हणाले. "ह्यात त्याचा अनुभव दांडगा."

भीमसिंगने सगळं ऐकून घेतलं.

"भीमसिंग, तुझा फोटो होता रे त्यात," वामनराव म्हणाले. "सात वर्षं सांभाळला. मला माफ कर."

"बशीचा नंबर सांगा," भीमसिंग म्हणाला. "म्या स्टँडवर जातो."

सव्वा तासाने, दुसऱ्या बसमध्ये एका पायावर उभे असताना, वामनरावांचा फोन वाजला.

"भेटली फाईल," भीमसिंग सांगत होता. "इथं जर्मनीसारखं नाही, साहेब. एक बाई तिच्यावर बसून आल्या. गरम हाय अजून."

"अन् फोटो?"

"दुमडला जरासा. बराबर माह्या तोंडावरून घडी गेली. बाकी सारे चांगले हायेत, आजोबा बी." मग त्याने विचारलं, "उभे हाय का साहेब?"

"हो. दोघंही."

"या हळूहळू. आंगणात दोन बाजा टाकल्या तुमच्यासाठी. दोहीवर दुपट्टा टाकून ठेवला हाय. कोणालेच बसू देत नाही."